आमच्या घरातला बॅजर

दाढीचा ब्रश ही वस्तू निवडायची असते, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. दाढीचा ब्रश असतो, एवढंच मी जाणत होतो. मेव्हणा जसा असतो, शेजारी जसा असतो, तसा तो आपल्या वाट्याला आलेला असतो. क्रीमच्या ट्यूबला सेलोटेपने चिकटून तो फुकट येतो, किंवा आपला घरी विसरला म्हणून एस.टी. स्टँडवरच्या टपरीतून घाईघाईत घेतला जातो, नाहीतर वडिलांच्या मागे घड्याळ, छत्री आणि विम्याचे कागद यांच्याबरोबर आपल्याकडे येतो. माझा तसा आला होता.

अण्णांचा ब्रश. मूठ लाल, म्हणजे ती एके काळी लाल असावी असा तर्क करता येईल इतपत लाल. केस मूळचे भरगच्च होते, पण मी ज्या काळाबद्दल बोलतोय त्या काळात त्यांची आणि माझी परिस्थिती साधारण सारखीच झाली होती. कडेने झालर, मधे मैदान.

अण्णा सांगलीला हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. गावभागातल्या आमच्या वाड्यात ओसरीवर एक दिवसाआड त्यांची दाढी चाले. 'चाले' हा शब्द मुद्दाम वापरला. आम्ही दाढी उरकतो, अण्णांची चालायची. खिडकीच्या गजाला कोपरा उडालेला आरसा लटकवायचा. पितळी गडव्यात बंबातलं कढत पाणी घ्यायचं. त्यात ब्रश उभा करायचा आणि मग वर्तमानपत्र उघडून पहिलं पान सावकाश वाचायचं. पहिलं पान संपल्याशिवाय ब्रश पाण्याबाहेर यायचा नाही. देशात काही विशेष घडलं असलं तर ब्रश जास्त भिजायचा. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी पार गार होऊन गेलं होतं, असं आमची आक्का अजून सांगते.

पात्याचं गणित वेगळं. एक पातं आठ वेळा. किती वेळा झालं ते पात्याच्या वेष्टनावर पेन्सिलीने रेघा मारून ठेवलेलं असे. पाचवी रेघ पडली की पातं काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर दोन बोटांनी घासून त्याला पुन्हा नोकरीवर घ्यायचं. आठव्यानंतर ते निवृत्त व्हायचं. पण शिक्षकाच्या घरातलं पातं, त्याला निवृत्तीनंतरही स्वस्थता कुठली? आई त्याने शिवण उसवायची, आम्ही पेन्सिली तासायचो, आणि शेवटी अण्णा नखं काढायचे. गालावर कापलं तर वर्तमानपत्राचा कपटा. कधी कधी तो काढायचा राहून जाई, आणि गालावर हळदीचा बाजारभाव चिकटवून अण्णा नववीच्या वर्गाला न्यूटन शिकवत.

आणखी एक गोष्ट त्या वेळी विचित्र वाटली नाही. दाढीचा ब्रश आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. बंब विझलेला असला की अण्णा गडवा घेऊन दाराशी यायचे, ब्रश त्यातच असायचा. आई आतूनच चुलीवरचं पाणी वीतभर उंचीवरून, गडव्याला कुठे स्पर्श होऊ न देता, तीर्थ घातल्यासारखं घालायची. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या घरात सोवळ्या-ओवळ्याचे इतके नियम होते, की त्यात आणखी एक हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

1998 साली अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. मी त्यांना ठाण्याला घेऊन आलो. घरी येणारा न्हावी त्यांना चालेना. तो आला की ते तोंड भिंतीकडे फिरवत. म्हणून मग ते काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या माणसाची दाढी करणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आपल्या गालावर हात आपोआप चालतो; दुसऱ्याच्या गालावर तो परक्या गावात आल्यासारखा चालतो. त्यातून समोर शास्त्राचे शिक्षक. बोलता येत नव्हतं तरी परीक्षा घेणं चालूच. फेस पातळ झाला की डावी भुवई वर जायची. मी पुन्हा साबणावर ब्रश घोळायचा. भुवई खाली आली की पुढे जायचं. वरच्या ओठापाशी आलो की ते स्वतःहून ओठ दातांवर ताणून धरायचे, अर्धाच ताणला जायचा, तरी धरायचे. असं साडेचार महिने चाललं. चाळीस वर्षांत मी त्यांच्या गालाला हात लावला नव्हता, तो त्या साडेचार महिन्यांत लावला.

त्यानंतर ब्रश माझ्याकडे राहिला. एरवी मी डब्यातला फेस फासून बँकेत पळायचो. अण्णांचा ब्रश फक्त रविवारी. मलाही तो भिजत घालून पहिलं पान वाचायची सवय लागली. अलीकडे पहिल्या पानावर सदनिकांच्या जाहिरातीच असतात, त्यामुळे ब्रश कमी भिजतो.

तर 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे लंडनला गेलो. लेक हॅरोला राहते, जिथे ढोकळा मिळवायला सांगलीपेक्षा कमी चालावं लागतं. माझ्या सामानात अर्थात ब्रश होता. पहिल्याच रविवारी लेकीने तो बेसिनपाशी पाहिला.

"बाबा, हे काय आहे?"

"ब्रश."

"कशाचा? बूटपॉलिशचा?"

मी गप्प बसलो. जावईबापूंनी मात्र विषय गांभीर्याने घेतला. आमच्या जावयांना भरघोस दाढी आहे. ती राखण्यासाठी त्यांच्याकडे एक तेल, एक मलम, दोन कंगवे आणि सात डोक्यांचं एक यंत्र आहे. मी दाढी काढायला जितका वेळ आणि पैसा घालवतो त्याच्या चौपट ते ती ठेवायला घालवतात. तेव्हा या विषयातला अधिकार त्यांचाच.

"बाबा, तुमच्या वाढदिवसाला तुम्हाला एक छानसा बॅजर घेऊन देऊ या," ते म्हणाले.

मला वाटलं, मोटारीचं मॉडेल असावं. मी सद्गदित होऊन "कशाला उगाच, मला इथे चालवायचं लायसन नाही," असं म्हणालोसुद्धा. मग उलगडा झाला. बॅजर नावाचा एक प्राणी असतो, आणि त्याच्या केसांचा ब्रश हा दाढीच्या ब्रशांतला हापूस.

आता बॅजर म्हणजे मराठीत कोण? मी अस्वस्थ झालो. ज्या प्राण्याला आपण रोज तोंड दाखवणार त्याचं नाव तरी आपल्या भाषेत ठाऊक असावं. आपल्याकडे हनी बॅजर म्हणतात त्याला चांदी अस्वल असं भारदस्त नाव आहे. अंगावर वरून रुपेरी चादर पांघरलेला, वाटेल त्याच्याशी भांडणारा प्राणी. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे. अर्थात त्याच्या स्वभावाविषयी जे वाचलं त्यावरून संरक्षणाची गरज इतरांनाच जास्त असावी. पण ब्रशाचा बॅजर हा नव्हे. तो युरोपात आणि आशियाच्या उत्तर भागात बिळं करून राहणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, दिवसा झोपून रात्री गांडुळं हुडकणारा वेगळा गृहस्थ. त्याला मराठी नाव नाही. तो आपल्याकडे आलाच नाही, तर नाव कोण ठेवणार? आपल्याकडे येणाऱ्यालाच आपण नावं ठेवतो.

ही माहिती मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने सांगत होतो, आणि चूक तिथेच झाली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला साडेपाच वर्षांची आमची नात बसली होती. इंग्लंडमधल्या पोरांना बॅजर म्हणजे आपल्याकडे चिऊ-काऊ असतात तसा. केनेथ ग्रॅहॅमने 1908 साली 'द विंड इन द विलोज' लिहिलं, त्यात एक वडीलधारा, तुसडा पण मनाचा चांगला बॅजर आहे. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक पोराचा तो आजोबा लागतो. नातीकडे तर त्याचं चित्रांचं पुस्तक होतं आणि अंथरुणात एक कापडी बॅजरही होता.

"आजोबा, बॅजरचे हेअर तुम्ही घेणार?"

"अं... हो."

"मग त्याला कोल्ड नाही वाजणार?"

टेबलावर शांतता पसरली. जावई दाढी कुरवाळू लागले. आमची ही माझ्याकडे अशी बघत होती, की जणू काही मीच बिळाशी काठी घेऊन उभा आहे.

"मी विचारून सांगतो हं," मी म्हणालो. आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसल्याने हे वाक्य मला झोपेतही येतं.

पण या खेपेला मी खरंच विचारलं. म्हणजे रात्री बसून वाचलं. जे कळलं ते असं, की ब्रिटनमध्ये बॅजरला हात लावायची सोय नाही. 1992 चा एक खास कायदाच आहे, त्याचं बीळ मोडलं तरी गुन्हा. म्हटलं, वा! पुढे वाचलं तर त्याच देशात गाई-गुरांचा क्षय बॅजरमुळे पसरतो म्हणून 2013 पासून सरकारी परवान्याने 2 लाखांहून जास्त बॅजर मारले गेले आहेत. पण त्यांच्या केसांचे ब्रश होत नाहीत. ब्रशाचा केस जवळजवळ सगळा चीनमधून येतो. म्हणजे इंग्लंडचा बॅजर इंग्लंडमध्ये मरणार आणि इंग्रज माणूस चीनच्या बॅजरने दाढी करणार. या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य कसं केलं याचा थोडा उलगडा मला त्या रात्री झाला. आणि त्या चिनी बॅजरला मेंढीसारखं भादरून सोडून देतात असं कुठेही आढळलं नाही. उलट 2018 साली प्राणिमित्रांनी तिथली चित्रं जगापुढे आणली, तेव्हा काही कंपन्यांनी बॅजरचे ब्रश विकणंच बंद केलं.

वाचता वाचता आणखी एक प्रकरण सापडलं, ते मी हिला सांगायला नको होतं. पहिल्या महायुद्धात बॅजरचा केस मिळेनासा झाला, तेव्हा घोड्याचा केस रंगवून बॅजर म्हणून खपवायला लागले. तो केस नीट निर्जंतुक केलेला नसे. इकडे विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे तोंडाला घट्ट बसावेत म्हणून सैनिकांना दाढी सक्तीची. झालं! 1915 ते 1924 या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून दोनशेवर लोकांना दाढीच्या ब्रशातून अँथ्रॅक्स झाला. काही मेले. 1920 साली ब्रिटनने जपानी ब्रशांवर बंदी घातली.

"म्हणजे आता अँथ्रॅक्ससुद्धा आणायचं राहिलंय घरात," ही म्हणाली आणि कुशीवर वळली.

तरी मी गेलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो. एकदा जावयांनी पैसे देऊ केले आहेत म्हटल्यावर मागे हटणं आमच्या पिढीला जमत नाही. निघताना अण्णांचा ब्रश रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. माप दाखवायला म्हणून. शिंप्याकडे जुना सदरा नेतात तसा.

लंडनमध्ये पिकॅडिलीला समांतर जर्मिन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. शर्ट, बूट, अत्तरं आणि दाढी यांखेरीज जगात काही नाही असं मानणारी माणसं तिथे दुकानं घालून बसलेली आहेत. रस्त्यावर ब्यू ब्रमेलचा पुतळा आहे. हा गृहस्थ दोनशे वर्षांपूर्वी लंडनला कपडे कसे घालावे आणि गाल कसे गुळगुळीत राखावे हे शिकवून गेला. त्याचं नुसतं आवरणं बघायला बडी बडी माणसं यायची म्हणे. पुढे तो कर्जबाजारी होऊन 1816 साली फ्रान्सला पळाला आणि 1840 साली तिथेच वेड्यांच्या इस्पितळात वारला. पुतळ्यापाशी उभ्या उभ्या मी ही माहिती आठवली आणि पाकीट आतल्या खिशात सरकवलं.

दुकानात एक साठीचा, कोट-टाय घातलेला विक्रेता होता. त्याचा चेहरा इतका तुळतुळीत होता, की त्याच्यापुढे आपण सकाळी दाढी केली आहे हे सांगायचा धीर होईना. त्याने काचेच्या कपाटातून एकेक ब्रश काढून मखमलीवर ठेवायला सुरुवात केली. लग्नाचे दागिने दाखवतात तसं.

"सर साबण वापरतात की क्रीम?"

"साबण."

"वाटीत फेस करता की चेहऱ्यावर?"

असले खाजगी प्रश्न मला आजवर डॉक्टरांनीही विचारले नव्हते. पण त्यात तथ्य होतं. कडक साबणाच्या वडीवर घोळायचं तर ब्रशाला जरा जोर हवा. क्रीमला मऊ चालतो. थेट चेहऱ्यावर फेस करणाऱ्याने केस आखूड आणि दाट असलेला घ्यावा, वाटीत करणाऱ्याला लांब, ढिला चालतो. झुबक्याचा बुंधा मिलिमीटरमध्ये मोजतात. वीस-बावीसचा नवशिक्याला पुरे. सव्वीस-अठ्ठावीसचे असतात ते एका घासात तीन माणसांची दाढी होईल एवढा फेस पितात.

मग प्रती. सगळ्यात खालची प्रत 'प्युअर'. तिच्यावर 'बेस्ट'. 'बेस्ट'च्या वर 'सुपर'. आणि सगळ्यांच्या वर 'सिल्व्हरटिप'. म्हणजे उत्तमाहून उत्तम आणखी दोन. आमच्या वेळी पास क्लासला सरळ पास क्लास म्हणत. शिवाय हे शिक्के कुणी सरकारने मारलेले नाहीत. एका कंपनीचा 'बेस्ट' तो दुसरीचा 'सुपर'. तेव्हा नावावर जाऊ नये, टोकं बघावीत, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. बॅजरचा केस मुळाशी फिका, मधे काळा आणि टोकाला पुन्हा फिका असतो, आणि टोकाकडे निमुळता होत जातो. चांगल्या ब्रशात ही टोकं कधी कापत नाहीत. कारागीर केस हातांनी असे रचतो की घुमट आपोआप तयार होतो. हलक्या ब्रशात मात्र झुडूप छाटल्यासारखा कात्रीने आकार देतात, मग तो टोचतो. सिल्व्हरटिपची टोकं चांदीसारखी. शेवटी चांदी अस्वलाशी आपला संबंध आलाच म्हणायचा.

"आणि याला, सर, कणा आहे," एक ब्रश तळहातावर दाबून तो म्हणाला. ब्रश वाकला आणि ताठ उभा राहिला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात कुणी हे वाक्य लिहिलं नव्हतं.

किमतीचं मात्र जपूनच विचारलं. पौंडाला शंभराने गुणायचं, वरचे पाच-दहा प्रकृतीच्या दृष्टीने सोडून द्यायचे, अशी माझी पद्धत होती. 'प्युअर'चा गुणाकार जमला. 'सिल्व्हरटिप'च्या गुणाकारात आमच्या सोसायटीचा सहा महिन्यांचा मेंटेनन्स बसत होता.

वेळ काढायला म्हणून मी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. वाटलं, हा हसेल. तो हसला नाही. त्याने चष्मा लावला, अण्णांचा ब्रश दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे धरला, केसांची टोकं बोटांनी उलगडून पाहिली.

"किती वर्षं, सर?"

"पन्नासएक असतील. वडिलांचा."

"त्यांनी फार नीट सांभाळला. हा डुकराच्या केसाचा आहे, सर. बघा, प्रत्येक केसाचं टोक कसं दुभंगलंय. हा केस सुरुवातीला राठ असतो, वापरून वापरून टोकं फुटतात आणि मग मऊ पडतो. घाई केली तर असा होत नाही. आधी पाण्यात बराच वेळ भिजवावा लागतो. ते भिजवत असणार."

पहिलं पान संपेपर्यंत, मी मनात म्हणालो. पण ते नंतर. त्या क्षणी मला फक्त एकच शब्द ऐकू आला होता. डुक्कर! आमचे अण्णा! एकादशीला साबुदाण्यात जिरं चालतं का यावर ज्यांच्याशी आईचा वाद व्हायचा ते अण्णा! रोज संध्या करणाऱ्या माणसाच्या तोंडाला चोवीस वर्षं डुक्कर!

दुकानाबाहेर येऊन मी भर जर्मिन स्ट्रीटवरून सांगलीला आक्काला फोन लावला. आक्का आता पंचाहत्तरची आहे. तिला फोनवर ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे ब्यू ब्रमेलच्या पुतळ्यापाशी 'डुक्कर! डुक्कर!' असं मराठीतून ओरडणारा एक म्हातारा लोकांनी पाहिला. सुदैवाने तिथले लोक बघत नाहीत.

"अरे, मग?" आक्का म्हणाली. "आईनेच तर आणला होता तो, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत. मी होते बरोबर. अण्णांना नायलॉनचा टोचायचा, गाल लाल व्हायचे. दुकानदार म्हणाला, हा दोन रुपये जास्त आहे, मऊ पडेल, टिकेल, पण काकू, केस कसला आहे ते विचारू नका. आई म्हणाली, मग विचारत नाही, द्या."

"म्हणजे तिला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? पहिला ब्रश येत होता की स्वयंपाकघरात. हा आल्यापासूनच नियम झाला."

वीतभर वरून पडणारी ती पाण्याची धार माझ्या डोळ्यांसमोर आली.

"आणि अण्णांना?"

आक्का जरा वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "शास्त्राचे शिक्षक ना रे ते. नवीन होता तेव्हा एक केस गळला होता. तो त्यांनी चिमट्यात धरून काडी लावून जाळला आणि वास घेतला. नायलॉन वितळतं, केस जळतो, हे पोरांना शिकवायचेच ते. मी बघत होते ओसरीवरून. वास घेतला, राख फुंकली, आणि गालाला साबण लावायला बसले. आईला काही म्हणाले नाहीत."

मी पुन्हा दुकानात गेलो. विक्रेत्याने मखमल आवरली नव्हती. बहुधा बाहेर जाऊन फोनवर ओरडून येणारी गिऱ्हाइकं त्याच्या ओळखीची असावीत. त्याने माझ्यापुढे आता दोन ब्रश ठेवले. एक बॅजर, 'बेस्ट', बावीस मिलिमीटर. दुसरा कृत्रिम धाग्याचा, पण बॅजरसारखेच पट्टे रंगवलेला. हल्ली हे इतके चांगले येतात, की निम्म्या लोकांना फरक कळत नाही, असं तो म्हणाला. झटकन वाळतात, स्वस्त, आणि कुणाचा जीव जात नाही. नातीचा प्रश्न सुटला! मी हाच घेणार होतो. अगदी ठरवलं होतं. पण त्याने दोन्ही कोमट पाण्यात बुडवले, फेस केला आणि माझ्या मनगटावर फिरवले. आधी कृत्रिम. छान होता, तक्रारीला जागा नव्हती. मग बॅजर. पाणी धरून ठेवतो म्हणतात ते काय, ते तेव्हा कळलं. ऊन ऊन, जड, दाट फेस, आणि तो अजून येतोच आहे. माझी डावी भुवई वर गेलेली नव्हती, हे समोरच्या आरशात मला दिसलं.

बॅजर घेतला.

"किती वर्षं टिकेल?" मी विचारलं.

"दाबला नाहीत, उकळतं पाणी घातलं नाहीत, धुऊन झटकून टांगलात, तर पंधरा वर्षं सहज."

सहासष्ट अधिक पंधरा. मी हिशेब केला आणि सोडून दिला. पुढे तो जायचा कुणाकडे? जावयांना तर दाढी.

घरी गेल्यावर नात दारातच उभी होती. मी रस्ताभर तयार केलेलं उत्तर असं होतं, की बॅजर सलूनमध्ये गेला होता. चांगलं उत्तर होतं. पण तिने पिशवीत डोकावून पाहिलं, ब्रशाला गाल लावला आणि विचारलं, "आजोबा, खरं सांगा. बॅजर मेला?"

मी खाली बसलो. "हो," म्हणालो.

तिच्या आईने स्वयंपाकघरातून "बाबा!" अशी हाक मारली. नातीने बराच वेळ विचार केला. मग ब्रश माझ्या हातात देत म्हणाली, "मग त्याला नीट ठेवा."

पहिले चार दिवस ब्रशाला ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता. हे सगळ्या नव्या बॅजरांचं होतं; साबणाने दोन-चारदा धुतला की जातो. ही बाथरूमचं दार लावून घ्यायची. नात मात्र रोज रात्री बेसिनपाशी येऊन स्टँडला उलट्या टांगलेल्या ब्रशाला 'गुड नाइट' म्हणायची. तो उलटा का झोपतो, हेही तिने विचारलं. पाणी मुठीत उतरलं की डिंक सुटतो आणि केस गळतात, असं मी शास्त्रीय उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही. तिच्या मते तो वटवाघळाकडे राहायला गेला होता.

आता आम्ही ठाण्याला परत आलो आहोत. बॅजर स्टँडला टांगलेला असतो, शेजारी स्टीलच्या पेल्यात अण्णांचा ब्रश उभा. त्याने आता दाढी होत नाही. दर आठवड्याला लंडनहून व्हिडिओ कॉल येतो, त्यात मला बॅजर कॅमेऱ्यासमोर धरून तो वाळला आहे हे दाखवावं लागतं.

परवा सकाळी गीझर बिघडला. मी मगमध्ये ब्रश टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि जरा गरम पाणी मागितलं. हिने गॅसवरचं पातेलं उचललं, माझ्या मगकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तिथेच थांबा हं. आत येऊ नका." आणि उंबऱ्याच्या आतूनच, हात लांब करून, वीतभर वरून पाणी घातलं.